शोळिंगनल्लूरहून कॉस बेटाकडे

यंदाच्या रजेत ग्रीसमधील एखादे लहानसे बेट पाहून यावे, असा बेत शोळिंगनल्लूर येथे बदलीवर असलेल्या आम्हां मंडळींत निघाला आणि कॉसवर एकमत झाले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगतचे, ३०० चौरस किलोमीटरांहूनही लहान असे हे बेट म्हणजे वैद्यकाचा आद्य आचार्य हिपोक्रेटीस याची जन्मभूमी. खर्चाचा अंदाज मांडताना इतिहासाची पुस्तके चाळली, तो कळून आले की कॉसची कीर्ती आमच्या शेजारी सुमारे २,००० वर्षांपूर्वीच येऊन पोहोचली होती!

येथून समुद्रकाठच्या रस्त्याने तीनेक तास दक्षिणेस गेले की पुदुच्चेरीलगत अरिकमेडू लागते. तेथे १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले आणि १९८९ ते १९९२ या काळात विमला बेगले यांनी पुन्हा शोध घेतला. तेथे सापडलेल्या मद्यकुंभांच्या खापरांपैकी पुष्कळशी कॉसच्या घाटाची असल्याचे एलिझाबेथ लायडिंग विल या विदुषींनी ओळखले. समुद्राचे पाणी मिसळलेले मद्य ही त्या बेटाची ख्याती होती. हा घाट पुढे इटलीतही उचलला गेला, म्हणून प्रत्येक खापर कॉसचेच असे म्हणता येत नाही. परंतु मूळ नाव त्या बेटाचेच. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक सागरवर्णनात येणारे पोदुके बंदर ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

मद्य संपले, कुंभ फुटले. पण दूरदेशीच्या माणसांचे या भूमीत काय उरले? उत्तर आपल्याच मुलुखात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभांवर यवन दात्यांची नावे आहेत आणि ते स्वतःस धेनुकाकटचे रहिवासी म्हणवितात. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दान दिल्याचा लेख आहे.

आम्ही परमुलुखात वर्षेच्या वर्षे काढतो, पुढच्या बदलीच्या हुकुमाची वाट पाहतो आणि ज्या गावाचे पाणी पितो त्याला आपले म्हणत नाही. इरिलाने तर ते पाणीच गावाला देऊन ठेवले.

कॉसचा बेत आम्ही मोडलेला नाही. क्रम तेवढा बदलला आहे. येत्या रविवारी पहाटे निघून आधी अरिकमेडू आणि मग तेथील वस्तू जपणारे पुदुच्चेरीचे संग्रहालय पाहावयाचे ठरले आहे. सोबत शेजारच्या तमिळ कुटुंबालाही बोलावले आहे.