पाचवीला पुजलेले

दिवाळीत घर माणसांनी भरले, फराळाची ताटे फिरली आणि पोरांचा दंगा जरा निवला, की घरातल्या एखाद्या वृद्ध आजींभोवती मंडळी गोळा होतात. अशा वेळी कुणी त्यांना सहज विचारावे, "आजी, तुम्हांला मुले किती?" जुन्या पिढीतल्या आजीचे उत्तर एका आकड्यात कधीच येत नसे. "झाली आठ, राहिली पाच," असे ती म्हणे, आणि तितक्याच शांतपणे लाडवाचे ताट पुढे सरकवी. माझ्या आजीचेही उत्तर असेच असे. झाली किती आणि राहिली किती, हे दोन हिशेब वेगळे ठेवण्याची तिला सवय झाली होती. त्या दोन आकड्यांच्या मध्ये जो इतिहास दडलेला आहे, तो आज सांगावयाचा आहे.

तो इतिहास आपल्या बोलण्यातही उतरलेला आहे. "दारिद्र्य त्याच्या पाचवीलाच पुजले आहे," असे आपण म्हणतो. जे जन्माला चिकटले आणि सुटणार नाही, ते पाचवीला पुजलेले. ही पाचवी म्हणजे मूल जन्मल्यानंतरची पाचवी रात्र. त्या रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाट मांडावयाचा, पाटा-वरवंटा पुजावयाचा, दिवा तेवत ठेवावयाचा आणि बायकांनी जागरण करावयाचे. लगेच सहाव्या रात्री सटवी येणार, बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिणार, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची. कित्येक घरांत विळा किंवा सुरी पूजेत मांडीत. काही समाजांत तर ज्या हत्याराने नाळ कापली तेच हत्यार पुजण्याची रीत होती.

प्रश्न असा पडतो, की पाचवीच का? तिसरी का नाही, नववी का नाही? जागून राखण करण्याइतके भय नेमके याच रात्रींचे का वाटावे?

याचे उत्तर नाळेत आहे. जुन्या काळी नाळ घरातल्या विळ्याने किंवा कोयत्याने कापीत. कुठे बांबूच्या धारदार कामटीने. कापल्या जागी राख लावीत, हळद लावीत, पुष्कळ ठिकाणी शेणही लावीत. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे राहतात. नाळेच्या ओल्या जखमेतून ते शरीरात शिरले, की पहिले दोन-तीन दिवस बाळ अगदी छान असते. ते रडते, दूध ओढते, आईचे बोट धरते. मग तिसऱ्या दिवसानंतर केव्हातरी, बहुधा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, त्याला दूध ओढता येईनासे होते. जबडा आवळतो, अंगाला झटके येतात, पाठ धनुष्यासारखी वाकते. काल हसतेखेळते असलेले मूल आज दूध सोडते, हे पाहून त्या घरातील बायकांना कुणी अदृश्य शक्ती येऊन गेली असे वाटले, तर त्यात नवल काय? घात कोणत्या रात्री होतो हे त्यांनी बरोबर हेरले होते. घात कोण करते, एवढेच त्यांना कळले नव्हते. पाटावर हळदकुंकू वाहून ठेवलेला विळाच कित्येकदा अपराधी होता.

याचा अर्थ आपल्याकडे बाळंतपणाचे शास्त्र नव्हते असा मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागृहाचे वर्णन आहे. बाळंतिणीजवळ चार प्रौढ, अनुभवी आणि विश्वासू स्त्रिया असाव्यात, आणि त्यांनी नखे कापलेली असावीत, असे तेथे सांगितले आहे. नाळ आठ अंगुळांवर सुताने बांधून मग कापावी, हेही तेथे आहे. नखे कापण्याची सूचना वाचली म्हणजे त्या जुन्या वैद्याच्या निरीक्षणाला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

मग हे शहाणपण हरवले कुठे? ते सोयराने गिळले. प्रसूती म्हणजे विटाळ, ही समजूत घट्ट झाली आणि तिचे परिणाम फार दूरवर गेले. विटाळशी खोली म्हणून घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली. नंतर टाकूनच द्यायची म्हणून सर्वांत जुनी बाज आणि सर्वांत फाटकी लुगडी. पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही म्हणून गंजका विळा. आणि हे विटाळाचे काम करावयाचे कुणी? गावाने ज्यांना आधीच दूर ठेवले होते, त्या समाजांतील सुईणीने. तिच्या हातांत कसब होते. आडवे मूल कसे वळवावे, कळा केव्हा द्याव्यात, हे तिला आईकडून मुलीला येत गेलेले ज्ञान होते. पण तिला साबण कुणी दिला नाही, नवे पाते दिले नाही, आणि मूल दगावले की दोष मात्र तिलाच दिला. तिची मजुरी म्हणजे शेर-दोन शेर धान्य आणि बाळंतिणीचे उतरलेले लुगडे. घरातला सर्वांत मोलाचा जीव ज्या हातांत सोपवावयाचा, त्या हातांना पाणीही आपण वरून ओतले. पाचवीला पुजलेले दुःख असे आपणच पुजले होते.

याच काळात, दूर युरोपात, हातांचीच एक गोष्ट घडत होती. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात दोन प्रसूतिकक्ष होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने कितीतरी अधिक स्त्रिया मरत. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले, की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. पण "डॉक्टरचे हातही मळके असू शकतात" हे विधान डॉक्टरांना सोसले नाही. १८६५ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात मरण पावला. तिथला मोठेपणाचा अभिमान आणि इथला सोवळेपणाचा अभिमान, दोहोंनाही हात धुण्याइतके नम्र होणे जड गेले.

त्याच १८६५ साली कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना जन्मली. नवव्या वर्षी लग्न होऊन ती गोपाळराव जोश्यांची आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. वेळेवर योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही. त्या काळी अशी मुले घरोघर जात आणि आया पुढल्या बाळंतपणाच्या तयारीला लागत. या मुलीने मात्र स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी, आणि ती आपण व्हावयाचे, असे ठरविले. १८८३ साली ती एकटी अमेरिकेला गेली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने मिळविली. प्रबंधाचा विषय तिने निवडला तोही हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. दहा दिवसांच्या बाळाच्या आईला दुसरा कोणता विषय सुचणार? २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, क्षयाने पुण्यात तिचा अंत झाला. तिला एकाही रुग्णावर स्वदेशात उपचार करता आले नाहीत; पण दार उघडले ते उघडलेच. रखमाबाईंनी लंडनला वैद्यकीय शिक्षण पुरे केले आणि १८९४ नंतर सुरत आणि राजकोट येथे स्त्रियांच्या सेवेत उभे आयुष्य घालविले.

तिकडे मुंबईत पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून खास स्त्रियांसाठी कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. त्याच्या आदल्या वर्षी लेडी डफरिन यांचा निधी स्थापन झाला होता. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी सुइणींना शिकविण्यासाठी निधी उभारला. पुण्यात १९०९ साली सेवासदन निघाले आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने मध्यमवर्गीय घरांतील मुली, विधवाही, परिचारिका होऊ लागल्या. ज्या कामाला विटाळ म्हटले, त्या कामासाठी पांढरे पातळ नेसून ताठ मानेने जाणे, ही त्या काळी लहान क्रांती नव्हती.

पण खोली, शेगडी, डिंकाचे लाडू आणि सव्वा महिन्याची विश्रांती हे सुख तरी सर्वांना कुठे होते? मुंबईच्या गिरण्यांतली बाई कळा येईपर्यंत कामावर उभी असे आणि पोटासाठी लवकरच परत येई. मूल दिवसभर गप्प पडावे म्हणून अफूची "बाळागोळी" त्याच्या जिभेवर ठेवीत. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे १९६१ मध्ये तो देशभर आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. आजही शेतात आणि विटभट्टीवर राबणारी बाई या रजेच्या बाहेरच आहे, हे विसरून चालणार नाही.

या इतिहासाचे सर्वांत आशादायक पान मात्र मुंबई-पुण्यात लिहिले गेले नाही. ते गडचिरोलीत लिहिले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून तेथील ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, त्याला उबेत ठेवणे, अंगावर लगेच पाजविणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखून औषध देणे, हे त्या घरोघर जाऊन करू लागल्या. गावातल्या सुइणींनाही दूर लोटले नाही; त्यांनाही बरोबर घेतले. तीन वर्षांत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून हीच रीत देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली. जे ज्ञान खोलीच्या उंबरठ्यावरून हाकलले होते, तेच त्या खोलीत, गावातल्या बाईच्याच हातांनी, परत आले.

आकडे पाहा. १९२० च्या सुमारास आपल्या देशात जन्मलेल्या हजारांतील दोनशेच्या आसपास मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या नोंदींत हा आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. २०१५ मध्ये बाळ-बाळंतिणीचा धनुर्वात भारतातून हटल्याचे जाहीर झाले. गर्भवतीला दिलेली लस आणि स्वच्छ हाताने कापलेली नाळ, या दोन साध्या गोष्टींनी पाचवीच्या रात्रीचे भय संपविले.

आता प्रश्न राहतो तो आपल्या घराचा. येत्या वर्षी कुणाकडे पाळणा हलणार असेल, तर जुन्यातले काय ठेवावे आणि काय सोडावे? विश्रांती ठेवावी, मायेची माणसे ठेवावीत, अळिवाची खीर खुशाल ठेवावी. पण दिवस राहिल्याचे कळताच, तीन महिन्यांच्या आत, दवाखान्यात नाव नोंदवावे; निदान चार तपासण्या, लस आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. प्रसूती रुग्णालयातच व्हावी. आईचा चीक फेकून देऊ नये. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला तोच मिळावा, आणि पुढे सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही नको, वरचे पाणीसुद्धा नको. मध चाटविण्याची हौस वर्षभर आवरावी. लहान बाळाला त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. नाळेला काही लावू नये, ती कोरडी ठेवावी. पहिल्या दिवशी न्हाऊ घालण्याची घाई नको. बाळ आईच्या उघड्या छातीशी उबेत असावे. डोळ्यांत काजळ नको, खोलीत धुराची शेगडी नको. बाळंतिणीचे पाणी आणि जेवण तोडू नये. पाजणाऱ्या आईला भूक अधिकच असते. आणि बाळाने दूध सोडले, अंग गार पडले किंवा तापले, श्वास जोरात चालू लागला किंवा ते उठवूनही जागे होईना, तर दृष्ट काढण्यात एक घटकाही न दवडता डॉक्टरकडे जावे. आई उगीच रडू लागली, गप्प झाली, बाळाकडे पाहीना, तर तिलाही "नाटके करते" म्हणू नये. तेही दुखणेच आहे आणि त्यालाही उपचार आहे.

पाचवी पुजू नये, असे मी म्हणणार नाही. चार बायकांनी मिळून एका थकलेल्या आईसाठी रात्र जागवावी, ही कल्पना मुळात सुंदर आहे. आरोग्य खाते प्रसूतीसाठी पाच स्वच्छता सांगते: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ. पाचवीला पुजावयाच्या त्या याच पाच. पाटावर साबणाची एक वडी ठेवली, तर सटवीही रागावणार नाही.

माझी आजी गेली तेव्हा तिच्या पेटीत एक लहानसे कुंचडे निघाले. ते राहिलेल्या पाचांपैकी कुणाचेच नव्हते. यंदाच्या दिवाळीत माझ्या नातसुनेला कुणी विचारले, मुले किती, तर ती एकच आकडा सांगते. झाली तितकी राहिली, म्हणून तिला दुसरा हिशेब ठेवावा लागत नाही.