सचिनची फेरारी, मामांची पॅलिओ आणि १६.७ चा हिशेब

गाडी चालवता चालवता ऐकत असाल आणि बाहेर पाऊस असेल, तर आधी स्पीड थोडा कमी करा. मग पुढचं ऐका.

माझ्या मामांकडे, कळवणला, फेरारी आहे.

म्हणजे मामा तसं म्हणतात. आरसी बुकात फियाट पॅलिओ १.६ असं लिहिलंय. एका चांगल्या उन्हाळ कांद्याच्या हंगामानंतर त्यांनी ती नाशिकहून सेकंडहँड आणली. तेव्हा मी शाळेत होतो. गावात गाड्या म्हणजे पिकअप, जीप आणि एखादी मारुती. त्यात ही १५९६ सीसीची, १०० हॉर्सपॉवरची छोटी गाडी. मामांनी मागच्या काचेवर रेडियमचा '१०' चिकटवून घेतला. तो आकडा का, हे कळायला थोडं मागे, २००१ मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी फियाटने भारतात पॅलिओ आणली. ती बनायची मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात. जाहिरातीत होता सचिन तेंडुलकर. पुढे कंपनीने सचिनच्या नावाने 'एस १०' नावाची खास पॅलिओ काढली. फक्त ५०० गाड्या, त्यावर सचिनची सही. मामांना हवी होती ती एस १०, मिळाली साधी. म्हणून रेडियम.

एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने कसोटीतलं २९ वं शतक ठोकलं आणि डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. त्यामुळे जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिनला लाल फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. ३.६ लिटरचं व्ही ८ इंजिन, ४०० हॉर्सपॉवर, आणि इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे.

मग ती भारतात आणायची वेळ आली. आयात शुल्क १२० टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी १३ लाख रुपये. २००३ मध्ये केंद्र सरकारने ते माफ केलं आणि देशभर वाद पेटला. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. शेवटी शुल्क फियाटने भरलं. माझं मत विचाराल तर माफी द्यायलाच नको होती. जाहिरातदार कंपनीने दिलेली भेट म्हणजे राष्ट्रीय सन्मान नव्हे. मामांसमोर मात्र हे वाक्य मी आजवर काढलेलं नाही. २०११ मध्ये सचिनने ती गाडी सुरतच्या एका उद्योजकाला विकली. मामांना ती बातमी मीच वाचून दाखवली होती. त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत.

आता शूमाकर. किल्ली देणारा हा माणूस पावसातला राजा होता, आणि आजच्या विषयाला तोच जास्त उपयोगी आहे.

२ जून १९९६, बार्सिलोना, स्पॅनिश ग्रां प्री. धो धो पाऊस. शूमाकर त्या वर्षी फेरारीत नवा आलेला आणि गाडी तशी सामान्यच. त्या मोसमात सगळ्यात भारी गाडी विल्यम्सची होती, आणि त्या दिवशी विल्यम्सचा डेमन हिल सारखा गिरक्या घेत होता. शूमाकरची सुरुवात इतकी वाईट झाली की तिसऱ्या नंबरवरून तो बराच मागे फेकला गेला. पण १३ व्या फेरीच्या आसपास तो पुढे निघाला आणि मग प्रत्येक फेरीत इतरांपेक्षा कित्येक सेकंद वेगात धावत राहिला. शेवटी तर त्याचं इंजिनही नीट चालत नव्हतं. तरी ४५ सेकंदांनी जिंकला. सुरू झालेल्यांपैकी शेवटपर्यंत फक्त ६ गाड्या टिकल्या. फेरारीतला त्याचा हा पहिला विजय.

कोरड्या ट्रॅकवर ज्या गाड्या त्याच्या पुढे असायच्या, त्या पावसात मागे का पडल्या? कारण कोरड्यात इंजिनाची ताकद रस्त्यापर्यंत पोचते, ओल्यात ती पोचतच नाही. मधे टायर असतो. मामांची पॅलिओ दोन माणसांसकट १२०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर साधारण ३०० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल, तर कागदावरच्या हिशेबाने एक टायर रस्त्याला टेकतो जेमतेम १४० चौरस सेंटिमीटर. तळहाताएवढा. फेरारीचंही थोडंफार असंच. गाडी कोटीची असो की कांद्याच्या पैशाची, रस्त्याला धरून ठेवायला तिच्याकडे चारच तळहात.

त्या तळहाताखालचं पाणी बाहेर काढणं हे टायरच्या खाचांचं काम. नव्या टायरची खाच साधारण ८ मिलीमीटर असते. १.६ मिलीमीटर उरली की टायर बदलावा असा नियम आहे. त्यासाठी खाचांच्या तळाशी रबराच्या छोट्या पट्ट्या दिलेल्या असतात, त्या टायरच्या पातळीला आल्या की संपलं. फॉर्म्युला वनचा आजचा पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाहेर फेकतो, असं तो बनवणारी पिरेली सांगते. आणि आपल्याकडे? आपल्याकडे टायर गुळगुळीत होईपर्यंत 'अजून एक सीझन निघेल' चालू असतं.

गेल्या जुलैची गोष्ट. मामांनी पहिल्यांदाच मला पावसात किल्ली दिली. एरवी जून ते सप्टेंबर ती गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली असते. नाशिकहून कळवणला यायचं होतं. दिंडोरी, वणी, नांदुरी हा नेहमीचाच रस्ता. मागच्या सीटवर मामांचा नऊ वर्षांचा छोटू. निघताना मामांनी स्वतः टायरची हवा बघितली आणि उलट थोडी कमी केली. म्हणाले, "पावसात हवा कमी असली की गाडी चिकटून चालते. चोवीस बास."

मी मान डोलावली. मला खरंच तसंच वाटायचं. तुमच्यापैकी निम्म्यांना आत्ता वाटत असेल.

वणी सोडल्यावर पाऊस थांबला होता. रस्ता सरळ, समोर कोणी नाही, काटा ८५ वर. सखल भागात पाणी साचलेलं दिसलं, पण फार खोल वाटलं नाही. गाडी त्यात शिरली आणि स्टिअरिंग एकदम हलकं झालं. लोण्यात फिरवावं तसं. इंजिनाचा आवाज चढला. मी घाबरलो आणि दोन चुका केल्या. ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग डावीकडे वळवलं. गाडी सरळच जात राहिली. मग पाणी संपलं, पुढच्या चाकांना अचानक पकड मिळाली, आणि चाकं तर वळलेलीच होती. गाडीने गर्रकन अर्धी गिरकी घेतली. थांबली तेव्हा तोंड वणीकडे होतं आणि समोरून कांद्याच्या गोण्या भरलेली एक पिकअप येत होती. तिच्या ड्रायव्हरने वेळेत बाजूला घेतली. खिडकीतून त्याने मला काय म्हटलं ते इथे सांगता येणार नाही.

छोटूला काही झालं नाही. तो म्हणाला, "दादा, परत कर ना." माझे हात अर्धा तास थरथरत होते.

घरी पोचल्यावर पहिल्यांदा टायर नीट बघितले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे होतं २३१४. २०१४ सालचा तेविसावा आठवडा. शेडमध्ये उभी राहून गाडी फार धावली नव्हती, म्हणून मामांना टायर नवेच वाटत होते. रबर मात्र दगडासारखं झालं होतं आणि खाचा जवळपास संपलेल्या.

रात्री झोप येईना, म्हणून लॅपटॉप उघडला. १९६० च्या दशकात नासाचे इंजिनिअर वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी विमानांवर काम करत होते. ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमानं का घसरतात हा त्यांचा प्रश्न. त्यांना दिसलं की ठरावीक वेगापुढे टायर पाणी कापत नाही, पाण्यावर चढतो आणि तरंगायला लागतो. त्यांनी सूत्रही दिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर टायरच्या हवेचं पीएसआयमधलं वर्गमूळ काढा, त्याला १६.७ ने गुणा. साधारण त्या ताशी किलोमीटरला टायर तरंगेल. अट एवढीच की पाणी खाचांपेक्षा खोल हवं. ३० पीएसआयला उत्तर येतं ९१. २४ ला येतं ८२.

मी ८५ ला होतो.

सूत्र विमानाच्या टायरवरून आलंय, कारला ते अंदाजापुरतंच धरायचं. जुना किंवा रुंद टायर याच्याही आधी सोडून देतो. पण दिशा स्पष्ट आहे. हवा कमी केली की टायर रस्त्याला चिकटत नाही, उलट पाण्यावर लवकर चढतो. आणि अशा वेळी करायचं काय, तर ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, ब्रेक दाबायचा नाही, आणि वाट बघायची. ती एक-दोन सेकंद फार मोठी असतात.

आता हे मामांना कसं सांगायचं? ज्यांनी मला सायकलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं चालवायला शिकवलं, त्यांना जाऊन 'तुमचं चुकलं' म्हणायचं? दोन दिवस मी गप्प राहिलो. गिरकीबद्दलही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी छोटूनेच मामींसमोर सगळं सांगून टाकलं.

मामा काही बोलले नाहीत. शेडमध्ये गेले, बराच वेळ टायरवर हात फिरवत बसले. मी मागे उभा. मग मी शूमाकरची १९९६ ची शर्यत मोबाईलवर लावली, आणि ती बघता बघता वर्गमूळ, २४ आणि ३० सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "हे सचिनला माहिती असंल का?"

"शूमाकरने सांगितलं असेल, मामा."

"मग आपल्याला कोण सांगणार होतं," एवढंच म्हणाले. ते रागाने म्हणाले नव्हते, पण मला अजून ते ऐकू येतं.

नवे चार टायर मी माझ्या पगारातून घेतले. मामांनी अर्धे पैसे जबरदस्तीने परत केले. आता दर रविवारी सकाळी व्हॉट्सॲपवर एक फोटो येतो. टायरच्या खाचेत उभी खोचलेली काडेपेटीची काडी, आणि काडीवर पेनाने केलेली खूण. खाली फक्त आकडा असतो, ३०.