सागरतळाचे छायाचित्रण : कॅमेरा कोणता निवडावा?

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग करून आलेल्या पर्यटकाच्या हाती बहुधा एक छोटी चित्रफीत असते. हिरवट पाणी, बुडबुडे, तोंडात धरलेला रेग्युलेटर आणि भोवती फिरणारे मासे एवढेच तीत दिसते. त्यावर समाधान न मानणारे काही जण पुढे रीतसर डायव्हिंग शिकतात आणि मग स्वतःच्या कॅमेऱ्याचा विचार सुरू होतो. दुकानात गेल्यावर चर्चा होते ती मेगापिक्सेलची आणि झूमची. पाण्याखाली या दोन्ही गोष्टींचे महत्त्व अगदी थोडे. तेथे कसोटी लागते ती प्रकाशाची आणि अंतराची. त्यामुळे कोणत्या पाण्यात उतरायचे, तेथे काय टिपायचे, त्यासाठी कोणते भिंग आणि कोणते दिवे हवेत, हे आधी ठरवावे आणि कॅमेरा सर्वात शेवटी निवडावा, हा क्रम शहाणपणाचा ठरतो. प्रत्यक्षात बहुतेक खरेदी नेमकी उलट्या क्रमाने होते आणि त्यात पैसा वाया जातो.

पाणी प्रकाश गिळते आणि सर्व रंग सारखे गिळत नाही. सर्वप्रथम जातो तो तांबडा. स्वच्छ समुद्रातही पाच-सहा मीटरवर तांबडा रंग बराचसा नाहीसा होतो, त्यानंतर नारिंगी व पिवळा फिके पडतात आणि उरतो निळा-हिरवा. येथे खोलीइतकेच आडवे अंतरही मोजले जाते, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. तीन मीटरवरील माशावर फ्लॅश टाकला, तर प्रकाशाला जाऊन-येऊन सहा मीटर पाणी कापावे लागते आणि परतणाऱ्या प्रकाशात तांबडा जवळजवळ उरलेला नसतो. फ्लॅश कितीही शक्तिमान असला तरी त्याचा खरा उपयोग मीटर-दीड मीटरच्या आतच होतो, तो यामुळे. त्यात पाण्यात तरंगणारे गाळाचे व प्लवकांचे कण असतात. भिंगाला लागून असलेला फ्लॅश त्यांच्यावर पडला की चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस पडतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. कॅमेऱ्यातच बसवलेला फ्लॅश म्हणूनच पाण्याखाली निरुपयोगी मानावा. दोन्ही बाजूंना लांब दांड्यांवर बसवलेले, किंचित बाहेरच्या दिशेला वळवलेले स्वतंत्र फ्लॅश, म्हणजेच स्ट्रोब, हा त्यावरचा उपाय होय.

साऱ्याचे सार एकच : विषयाच्या जवळ जाणे. झूम करून दूरचा मासा मोठा दिसेल, पण मधले पाणी काही कमी होत नाही. मोठा विषय जवळून टिपायचा तर वाइड अँगल भिंग हवे आणि लहान विषय जवळून टिपायचा तर मॅक्रो. सागरतळाचे बहुतेक उत्तम छायाचित्रण या दोन टोकांवरच होते. मधल्या पल्ल्याची, साध्या कॅमेऱ्यासोबत येणारी भिंगे तेथे फारशी कामाची नाहीत.

या दोनांपैकी कोणते टोक धरावे, याचे उत्तर पाणी देते. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा संपल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत डायव्हिंग चालते, परंतु नद्यांचा गाळ आणि प्लवके यांमुळे पाण्याची पारदर्शकता अनेकदा काही मीटरच असते. अशा पाण्यात विस्तीर्ण दृश्य टिपण्याचा हट्ट निराशा पदरी टाकतो. तेथे खडकांवरील रंगीत, कवच नसलेल्या सागरी गोगलगायी, खेकडे, कपारीतून डोकावणारे छोटे मासे हे मॅक्रोचे विषय मुबलक असतात आणि वीतभर अंतरावर पाणी गढूळ असले तरी फारसे बिघडत नाही. गोव्याजवळील ग्रँड आयलंडच्या परिसरातही हाच हिशेब लागू पडतो. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या निवळ पाण्यात मात्र प्रवाळांची बाग आणि तिच्यावरून जाणारा माशांचा थवा एकाच चौकटीत घेता येतो. तेथे वाइड अँगलला पर्याय नाही. मुंबई-पुण्याचा जो हौशी पाणबुड्या वर्षातून चार वेळा मालवणला आणि दोन-तीन वर्षांतून एकदा अंदमानला जातो, त्याने आधी मॅक्रोची तयारी करावी.

आता प्रत्यक्ष साधनांकडे. मोबाइल फोनवर आयपी ६८ असा शिक्का असला तरी ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली असते. खारे पाणी आणि डायव्हिंगचा दाब तिच्यात गृहीत नसतो. फोनसाठी वेगळी हाऊसिंग मिळतात, पण पाण्याखाली स्पर्शपडदा चालत नसल्याने कळा असलेलीच घ्यावीत. गोप्रोसारखे अॅक्शन कॅमेरे हाऊसिंगशिवाय १० मीटरपर्यंत आणि डायव्हिंगच्या हाऊसिंगमध्ये ६० मीटरपर्यंत जातात. चित्रफितीसाठी ते झकास आहेत. मात्र विषय फूटभराच्या आत आला की त्यांची प्रतिमा अस्पष्ट होते. म्हणजे वर सांगितलेल्या मॅक्रोसाठी, जोडभिंगाशिवाय, ते बाद.

कोकणच्या पाण्यासाठी आणि पहिल्या कॅमेऱ्यासाठी सर्वात व्यवहार्य ठरतात ते जलरोधक कॉम्पॅक्ट. ऑलिंपसचा टीजी-६ (२०१९) आणि त्याचा ओएम सिस्टीम नावाने आलेला वारस टीजी-७ (२०२३) हे नुसतेच १५ मीटरपर्यंत उतरतात, भिंगापासून अवघ्या एका सेंटीमीटरवरची वस्तू स्पष्ट टिपतात आणि रॉ स्वरूपातही चित्र साठवतात. सेन्सर लहान आहे, शटरचा वेग हाताने ठरवता येत नाही, या त्यांच्या मर्यादा. पाण्याचा निळा रंग गडद वा फिका करणे वेगावर अवलंबून असल्याने वाइड अँगलचा शौक जडल्यावर त्या जाणवू लागतात. १५ मीटर हा आकडा पुरेसा वाटला तरी वेगळे हाऊसिंग घेतलेले बरे. प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्या पाणबुड्याची मर्यादाच १८ मीटर असते. शिवाय हाऊसिंग असल्यास खारे पाणी कॅमेऱ्याच्या झाकणांपर्यंत पोहोचतच नाही.

मिररलेस वा एसएलआर कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. येथे हाऊसिंग हीच मुख्य खरेदी होऊन बसते. अॅल्युमिनियमचे चांगले हाऊसिंग अनेकदा कॅमेऱ्याइतक्याच किंवा त्याहून अधिक किमतीचे असते आणि ते एकाच मॉडेलला बसते. कॅमेरा बदलला की ते जवळजवळ भंगार. पॉलिकार्बोनेटचे हाऊसिंग स्वस्त व हलके असते, आत पाण्याचा थेंब आला तर पारदर्शक भिंतीतून दिसतो, पण ते आकाराने मोठे आणि धक्क्याला कमकुवत. त्यामुळे नवा कोरा कॅमेरा घेण्याऐवजी एक-दोन पिढ्या मागचा कॅमेरा त्याच्या हाऊसिंगसह जुन्यात घेणे, हा हिशेबी माणसाचा मार्ग. सेन्सरमध्ये झालेली सुधारणा पाण्याखाली क्वचितच ओळखू येते. चांगला स्ट्रोब मात्र पहिल्याच चित्रात ओळखू येतो.

हाऊसिंगची भिंगासमोरची काच म्हणजे पोर्ट. हा भाग सर्वात दुर्लक्षित राहतो. सपाट पोर्टमधून पाहताना पाण्यातील वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठी दिसते. मॅक्रोला हे फायद्याचे, वाइड अँगलला घातक, कारण भिंगाची रुंदी कमी होते आणि कडांना रंग फुटतात. रुंदी टिकवायची तर घुमटाकार डोम पोर्ट हवा. त्याची एक गंमत आहे. आठ इंच व्यासाच्या अर्धगोल डोमपुढे क्षितिजाइतकी दूरची वस्तूही साधारण फूटभरावर असल्यासारखी भिंगाला भासते. तेव्हा जवळचे फोकस करू न शकणारे भिंग डोममागे बसवले तर काहीच स्पष्ट येणार नाही. कोपरे धूसर राहू नयेत म्हणून एफ/८ ते एफ/११ असे अॅपर्चर ठेवावे लागते, म्हणजे प्रकाश पुन्हा कमी आणि स्ट्रोब पुन्हा अनिवार्य. स्ट्रोबला पैसे पुरत नसतील तर निळ्या पाण्यात तांबडा फिल्टर लावून, पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स करून बरीच मजल मारता येते. पण फिल्टर आणि फ्लॅश एकत्र वापरू नयेत. हिरव्या पाण्यात तांबड्याऐवजी किरमिजी फिल्टर लागतो.

राहिली सुरक्षितता, कॅमेऱ्याची आणि माणसाचीही. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर १५ बाय १५ सेंटीमीटरच्या झाकणावर सुमारे पावणेसातशे किलोंचा भार असतो आणि पाण्याला अडवते ती रबराची एक बारीक ओ-रिंग. तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला तरी कॅमेरा गेला. पाणी बहुधा पृष्ठभागाजवळच शिरते, कारण खोलवर दाबानेच झाकण घट्ट बसते. म्हणून उतरताच अर्ध्या मीटरवर थांबून बुडबुडे पाहावेत. त्याआधी रिकामे हाऊसिंग एकदा पाण्यात नेऊन आणावे. हातपंपाने आतली हवा किंचित काढून दाब टिकतो का हे दाखवणारी व्हॅक्यूम यंत्रणा महागडी वाटते, पण एक कॅमेरा वाचवला तरी तिची किंमत वसूल होते. डायव्हनंतर हाऊसिंग गोड्या पाण्यात बुडवून कळा दाबत राहावे. मीठ सुकले की ते सहजी निघत नाही.

आत पाणी शिरलेच तर पोर्ट खाली करून धरावा, जेणेकरून पाणी तेथे साचेल, आणि नेहमीच्या वेगानेच वर यावे. कॅमेऱ्यासाठी धावत वर येणाऱ्याच्या फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना जो धोका असतो, त्याची भरपाई कोणताही विमा करत नाही. वर आल्यावर आधी बॅटरी काढावी. लिथियमची बॅटरी आणि खारे पाणी यांची गाठ वाईट.

मोठे हाऊसिंग, दोन दांड्या व दोन स्ट्रोब घेऊन पाण्यात स्थिर तरंगता येत नसेल, तर हात नकळत प्रवाळाला टेकतो. भारतात खडक उभारणारे प्रवाळ २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मालवणचा सागरी भाग १९८७पासून अभयारण्य आहे. चांगले प्रशिक्षक कॅमेरा हाती देण्याआधी काही डझन डायव्ह पूर्ण करायला सांगतात, ते यासाठी. तेवढ्या काळात उधारीच्या कॉम्पॅक्टवर भागवल्यास मॅक्रो की वाइड, हा प्रश्नही आपोआप सुटलेला असतो.

अंदमानला विमानाने जाताना हाऊसिंगची मुख्य ओ-रिंग काढून ठेवावी. उंचीवर दाब बदलल्याने बंद हाऊसिंग पुढे उघडणे कठीण होऊन बसते. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.