जीन ऑन्टॉलॉजीतील पूर्वजशोध : एका अर्थनियमाचा इतिहास

वर्गीकरणाच्या इतिहासात कोणते नाव कोणी दिले याची नोंद काळजीपूर्वक ठेवली जाते. परंतु दोन नावांना जोडणाऱ्या संबंधाचा अर्थ केव्हा व कसा निश्चित झाला, याची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः वर्गीकरणावरून निघणारे निष्कर्ष या संबंधांवरच अवलंबून असतात. जीन ऑन्टॉलॉजी या जीवशास्त्रीय संकल्पनाव्यवस्थेचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

या कार्याचा आरंभ १९९८ साली झाला. फळमाशी, यीस्ट आणि उंदीर यांच्या जनुकांची माहिती सांभाळणारी तीन स्वतंत्र भांडारे त्यावेळी अस्तित्वात होती. समान कार्य करणारी जनुके या तिन्ही ठिकाणी भिन्न शब्दांनी वर्णिली जात असल्यामुळे एका भांडारातील ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडणे दुष्कर होते. मायकेल ॲशबर्नर व त्यांचे सहकारी यांनी २००० साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात समाईक परिभाषेची योजना मांडली. तिच्या तीन शाखा होत्या : रेणवीय कार्य, जैविक प्रक्रिया आणि पेशीघटक.

या परिभाषेची रचना मात्र लिनीअसने १७३५ साली रूढ केलेल्या वर्गीकरणाहून भिन्न होती. लिनीअसच्या पद्धतीत प्रत्येक जाती एकाच प्रजातीत मोडते. म्हणजे ती रचना वृक्षाची आहे. येथे एका संकल्पनेला अनेक जनक असू शकतात. हेक्सोज शर्करेची घडण हा हेक्सोजच्या चयापचयाचा एक प्रकार होय. तसाच तो एकशर्करांच्या घडणीचाही प्रकार होय. असा दिशायुक्त आलेख आज्ञावलीच्या साहाय्याने वाचू लागताच साध्या वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे दुहेरी होतात. अमुक संकल्पना मुळापासून किती अंतरावर आहे, याला वृक्षात एकच उत्तर असते. पायथन भाषेतील 'गोआटूल्स' या लायब्ररीला मात्र दोन संख्या सांभाळाव्या लागतात : सर्वांत आखूड वाटेची एक व सर्वांत लांब वाटेची दुसरी. एकच पूर्वज दोन वाटांनी भेटत असल्याने पूर्वज शोधणारे साहाय्यक फंक्शन यादीऐवजी संच तयार करते. तसे न केल्यास तोच पूर्वज दोनदा मोजला जाईल.

आलेखात संचार करण्याच्या पद्धती तोपर्यंत सिद्ध झालेल्या होत्या. एका बिंदूपासून कोणकोणत्या बिंदूंपर्यंत पोहोचता येते, हे काढण्याची वॉर्शलची रीत १९६२ सालची, तर खोलवर जाऊन परतणाऱ्या संचाराचे टार्जनने केलेले विवेचन १९७२ सालचे आहे. तेव्हा चालावे कसे, हा प्रश्न उरलेला नव्हता; कोणत्या दुव्यावरून चालणे अर्थाच्या दृष्टीने योग्य, हा प्रश्न होता.

जनुकाला एखादी संकल्पना लागू पडली, तर तिचे सर्व पूर्वजही त्याला लागू पडले पाहिजेत, असा जीन ऑन्टॉलॉजीचा मूलभूत नियम होता. परंतु प्रारंभीच्या काळात 'भाग आहे' या संबंधाचा अर्थ 'भाग असू शकतो' एवढाच घेतला जाई. हा अर्थ आणि वरील नियम यांत उघड विसंगती होती. कारण जे केवळ शक्य आहे, त्यावरून अवश्य असलेले काही सिद्ध होत नाही. बॅरी स्मिथ व सहकारी यांच्या २००५ सालच्या लेखाने अशा संबंधांच्या काटेकोर व्याख्या दिल्या. त्यांनुसार 'अ हा ब चा भाग आहे' या विधानासाठी अ चे प्रत्येक उदाहरण ब च्या एखाद्या उदाहरणाचा भाग असले पाहिजे.

या 'प्रत्येक' शब्दाचे महत्त्व केंद्रक व गुणसूत्र यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. केंद्रकात गुणसूत्र असते. पण प्रत्येक गुणसूत्र केंद्रकात नसते. जीवाणूंना केंद्रकच नसते, तरी गुणसूत्र असते. म्हणून 'ज्यात भाग आहे' हा दुवा 'भाग आहे' या दुव्याचा केवळ व्यत्यास मानता येत नाही, आणि त्यावरून पूर्वजांकडे चालत गेल्यास जीवाणूच्या जनुकाला केंद्रक चिकटवले जाण्याचा धोका संभवतो. जीन ऑन्टॉलॉजीच्या मूलभूत आवृत्तीत हा दुवा वगळलेला आहे. त्यामुळे तिच्यात कोठेही आवर्त निर्माण होत नाही. 'नियमन करते' या दुव्याबाबतही असाच विवेक लागतो : पेशीविभाजनाचे नियमन करणारी प्रक्रिया हा पेशीविभाजनाचा प्रकार नव्हे. 'गोआटूल्स' तर विशेष सूचना नसल्यास केवळ 'प्रकार आहे' हाच दुवा अनुसरते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना या इतिहासात परिचयाची खूण सापडते. फिलिप रेझनिक यांनी १९९५ साली इंग्रजी शब्दांचे अर्थसाम्य मोजण्यासाठी 'वर्डनेट' या शब्दजालातील समाईक पूर्वजाचा आधार घेतला : तो पूर्वज जितका विरळ आढळणारा, तितके साम्य अधिक. २००३ साली लॉर्ड व सहकारी यांनी हेच माप जीन ऑन्टॉलॉजीतील संकल्पनांना लावून प्रथिनांमधील साम्याशी ताडून पाहिले. शब्दार्थासाठी घडलेले साधन अशा रीतीने जीवशास्त्रात आले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेल्या मराठी शब्दजालातही जातिसंबंध व अंगांगिसंबंध पृथक् नोंदवलेले आहेत. आंबा हे फळ आहे आणि कोय हा आंब्याचा भाग आहे. एवढ्यावरून कोय हे फळ ठरत नाही.

सारांश, पूर्वज शोधणारे फंक्शन काही थोड्या ओळींचे असले, तरी प्रत्येक दुव्यावर ते एका अर्थविषयक निर्णयाची अंमलबजावणी करीत असते. हा निर्णय संचारपद्धती देऊ शकत नाही. तो संबंधांच्या व्याख्येतूनच यावा लागतो. या प्रकरणी ती व्याख्या आलेख प्रचारात आल्यानंतर काही वर्षांनी सिद्ध झाली, आणि म्हणूनच त्या आधीच्या काळातील निष्कर्ष वाचताना कोणता दुवा कोणत्या अर्थाने ओलांडला गेला, हे पाहणे संशोधकाचे आद्य कर्तव्य ठरते.