एका रोग्याने सांगितले म्हणून



कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत पगार आणि बोनस यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. आम्ही मात्र आज प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेविषयी आणि तिच्यानंतर पुरुषाच्या कामशक्तीचे काय होते याविषयी बोलणार आहोत. त्याचे कारण सांगतो. आमच्या युनियनचे एक निवृत्त सभासद या शस्त्रक्रियेनंतर बिलाचे कागद घेऊन कचेरीत आले. कागद झाले, चहा झाला, तरी ते उठेनात. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "जीव वाचला, पण एक विचारायचं राहिलंच." तो प्रश्न त्यांनी ना डॉक्टरांना विचारला होता, ना घरी काढला होता. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण ग्रंथालयात झाले. म्हणून आम्ही त्या प्रश्नाचा इतिहास शोधू लागलो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाखालची अक्रोडाएवढी ग्रंथी. कर्करोगासाठी ती समूळ काढण्याची शस्त्रक्रिया बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली केली. रोगी वाचत, परंतु जवळजवळ सर्वांची कामशक्ती जाई. शिश्नाला ताठरता आणणारे ज्ञानतंतू ग्रंथीतूनच जातात, तेव्हा ग्रंथीबरोबर ते जाणारच, असा समज होता. ही जिवाची किंमत आहे असे धरून पाऊणशे वर्षे गेली. रोगी लाजेने बोलत नव्हते, आणि न बोललेल्या दुःखाचा शोध कोण घेणार?

त्याच रुग्णालयात पुढे पॅट्रिक वॉल्श आले. या शस्त्रक्रियेत रक्तस्राव इतका होई की आतले काही नीट दिसत नसे. वॉल्श यांनी तेथील शिरांचा अभ्यास करून तो आटोक्यात आणला. १९७७ साली त्यांचा एक रोगी तीन महिन्यांनी तपासणीस आला आणि आपली कामशक्ती शाबूत आहे असे त्याने सांगितले. अपवाद म्हणून वॉल्श यांनी ते सोडून दिले नाही. ज्ञानतंतू ग्रंथीतून जात असते तर हे घडलेच कसे?

उत्तर हॉलंडमधील लायडेन येथे मिळाले. १९८१ साली तेथील निवृत्त प्राध्यापक पीटर डोन्कर मृतजात अर्भकांच्या देहांत ज्ञानतंतूंचा मागोवा घेत होते. अर्भकाच्या शरीरात हे तंतू प्रौढापेक्षा स्पष्ट दिसतात. दोघांनी मिळून पाहिले तो तंतू ग्रंथीच्या बाहेरून, दोन्ही बाजूंनी गेलेले! २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी ते तंतू जाणूनबुजून राखून एका ५२ वर्षांच्या रोग्यावर शस्त्रक्रिया केली. वर्षभरात त्याची कामशक्ती परत आली.

याचा अर्थ आज सर्वांचेच भागते असा नव्हे. रोग तंतूंपर्यंत पोहोचला असेल तर तेही काढावे लागतात, जीव आधी. राखलेले तंतूही दुखावलेले असतात. ते सावरायला महिने लागतात, कधी दोन वर्षेही. वय आणि पूर्वीची शक्ती यांवरही बरेच अवलंबून असते. १९९८ साली आलेल्या सिल्डेनाफिलच्या गोळीचा उपयोग तंतू काही अंशी राहिले असतील तरच होतो. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याने ती घेऊ नये. गोळीने न भागल्यास इंजेक्शन आहे, हवा खेचणारा पंप आहे, आणि शरीरात बसवायचे साधनही आहे. वीर्य बाहेर येत नाही, पण स्पर्शाची जाणीव आणि सुखाचा परमोच्च क्षण बहुधा राहतो. हे दांपत्याला शस्त्रक्रियेपूर्वीच समजले पाहिजे.

तक्रार वहीत चढली नाही तर ती नाहीच असे धरले जाते, हे आम्ही कारखान्याच्या दारावर शिकलो. दवाखान्यातही तेच. एक रोगी मोकळेपणाने बोलला आणि एक डॉक्टर ते ऐकून विचारात पडला, म्हणून पाऊणशे वर्षांचा समज मोडला.

आमचे ते सभासद पुढच्या तपासणीस पत्नीला बरोबर घेऊन गेले. तेथे काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. ते बोलले, एवढे आम्हांस पुरे आहे.