काकांचा पाईप आणि एका देशाची तीन नावं

स्मरणिका समितीने ‘तुमच्या छंदाबद्दल लिहा’ असा आग्रह धरला. मी म्हटलं, पाईपबद्दल लिहितो. समितीतले एकजण लगेच म्हणाले, “अहो, रौप्यमहोत्सवात तरी गळतीचा विषय नको!” तर सभासद बंधू-भगिनींनो, हा पाईप गच्चीवरच्या टाकीचा नाही, तंबाखू ओढायचा आहे. मी स्वतः तंबाखूला हात लावत नाही आणि कोणी लावावा असंही म्हणणार नाही. मला त्यातला इतिहास आवडतो.

माझे काका मर्चंट नेव्हीत होते. ते गेल्यावर त्यांची खोली आवरताना भंगाराच्या ढिगात एक वाकडा, काळपट पाईप सापडला. तो त्यांनी तरुणपणी मुंबईच्या चोरबाजारातून घेतला होता, एवढं ठाऊक होतं. लाकडी दांडीवर बारीक अक्षरं कोरलेली होती : ‘मेड इन आयरिश फ्री स्टेट’. या नावाचा देश नकाशात कुठेच सापडेना. तिथून माझा शोध सुरू झाला.

आयर्लंडमध्ये पूर्वी गरिबाचा पाईप मातीचा असे. पांढऱ्या मातीच्या या आखूड पाईपला तिकडे ‘डुडीन’ म्हणत. घरात कोणी वारलं की रात्रभर जागायची त्यांची पद्धत. भेटायला येणाऱ्यांना मातीचे पाईप आणि तंबाखू दिली जाई. रॉसकॉमन परगण्यातलं नॉकक्रॉकरी हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध होतं. जून १९२१ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटच्या दिवसांत, ब्रिटिश दलांनी सूड म्हणून हे गाव जाळलं. बहुतेक घरं गेली आणि त्यांच्याबरोबर पाईपचा धंदाही गेला. अलीकडे तिथे ही कला दाखवणारं केंद्र सुरू झालं आहे, पण तो जुना व्यवसाय काही परतला नाही.

काकांचा पाईप मात्र मातीचा नाही, ‘ब्रायर’चा आहे. भूमध्य समुद्राच्या काठी एक झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी लाकडाची गाठ तयार होते. ती कठीण असते आणि उष्णता सोसते, सहज जळत नाही. गाठ कापायची, तासन् तास उकळायची, महिनोन् महिने वाळवायची, मग लेथवर चढवायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्समधल्या सेंट-क्लोद गावात हा उद्योग वाढला आणि मातीचा पाईप मागे पडत गेला.

आयर्लंडमध्ये ब्रायरचं मोठं नाव म्हणजे डब्लिनचं ‘पीटरसन’. गंमत अशी की यातलं मुळात आयरिश फारच थोडं! दुकान काढलं ते जर्मनीतून आलेल्या काप बंधूंनी, डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर. कंपनी आपला जन्म १८६५ चा मानते. पुढे चार्ल्स पीटरसन नावाचा कारागीर त्यांना येऊन मिळाला. तो आजच्या लाटव्हियाकडचा. लाकूड भूमध्य समुद्राकडचं, मालक जर्मन, कारागीर लाटव्हियाचा, आणि पाईप जगभर गाजला तो आयरिश म्हणून.

या पीटरसनने १८९० मध्ये एका युक्तीचं पेटंट घेतलं. पाईप ओढताना धुराबरोबर ओल तयार होते, ती तोंडात येते आणि चव बिघडते. त्याने दांडीच्या आत एक छोटी विहीरच खोदली. ओल तिथे साठते, तुलनेने कोरडा धूर वर येतो. नंतर १८९८ मध्ये त्याने तोंडाकडच्या नळीचं भोक टोकाऐवजी वरच्या बाजूला नेलं. त्यामुळे धूर टाळूकडे जातो, जीभ पोळत नाही. पीटरसन १९१९ मध्ये गेला. कंपनी आजही डब्लिन भागात पाईप बनवते, २०१८ पासून तिची मालकी अमेरिकन कंपनीकडे आहे.

आता त्या न सापडणाऱ्या देशाचं. १९२२ मध्ये आयर्लंडचा मोठा भाग ‘आयरिश फ्री स्टेट’ झाला. १९३७ च्या राज्यघटनेने देशाचं आयरिश नाव ‘एरा’ ठरवलं. १९४९ मध्ये तो प्रजासत्ताक झाला. पाईपवरचा शिक्काही ढोबळमानाने त्याप्रमाणे बदलत गेला. म्हणून संग्राहक आधी लाकूड नाही, शिक्का बघतात. काकांचा पाईप १९२२ ते १९३७ च्या आसपासचा, हे मला असं कळलं.

नेमकं सालही कळलं असतं. दांडी आणि नळी जिथे जुळतात ती जागा नाजूक, तिथे चिरू नये म्हणून चांदीचं कडं बसवतात. आपल्या दागिन्यांवर हॉलमार्क असतो तसे डब्लिनमध्ये तपासलेल्या या चांदीवर तीन छाप असतात : मुकुटाची वीणा, बसलेली स्त्री आणि सालाचं अक्षर. पण पाईप हाती आला त्याच आठवड्यात, चकाचक दिसावा म्हणून, मी ते कडं भांड्यांच्या पावडरने खसाखसा घासलं. वीणा अंधूक उरली, अक्षर गेलं. भंगारातून वाचलेली वस्तू घरात आणून मीच तिची जन्मतारीख पुसली. आता भिंगाने कितीही पाहिलं तरी पंधरा वर्षांचा अंदाजच हाती राहतो.

म्हणून एक विनंती. रौप्यमहोत्सवानिमित्त ऑफिसची आवराआवर चालली आहे. पहिल्या सभेचं ते पिवळं पडलेलं रजिस्टर, खोडाखोड आणि सह्यांसकट, रद्दीत जाऊ देऊ नका. नवीन फाइलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवून जुनं टाकायचा विचार असेल तर तोही सोडा. आपणही कुठून कुठून येऊन या पत्त्याचे झालो, त्याचा शिक्का त्याच पानांवर आहे.

काकांचा पाईप बघायचा असेल तर संध्याकाळी जरूर या. चहा मिळेल, तंबाखू नाही!