होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम (१९७२-२००२) : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

हाताने करून शिकण्याचा विचार भारतीय शिक्षणाच्या इतिहासात नवा नाही. १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायकेंद्रित शिक्षणाची योजना मांडली होती. तथापि, स्वातंत्र्योत्तर काळातही बहुतांश शाळांतून विज्ञान हा पाठांतराचाच विषय राहिला. या पार्श्वभूमीवर मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी राबविलेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. शासकीय शाळेत प्रयोगाधारित शिक्षण कशाच्या बळावर टिकते, या प्रश्नाच्या अनुषंगाने त्याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उदय व विस्तार

किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी १९७२ मध्ये राज्य शासनाच्या परवानगीने १६ शाळांत या कार्यक्रमास प्रारंभ केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ व दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात लागू झाला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने पुढे त्याची धुरा सांभाळली व तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोहोचला.

स्वरूप

वर्गात चार-चार विद्यार्थ्यांच्या टोळ्या करून प्रयोग केले जात. 'बाल वैज्ञानिक' या पाठ्यपुस्तकात तयार निष्कर्ष नसत. कृतीच्या सूचना व प्रश्न असत आणि उत्तरे निरीक्षणांतून शोधावी लागत. फुलाचे भाग सुटे करण्यासाठी सुईऐवजी बाभळीचा काटा वापरला जाई. शेताच्या बांधावर फुकट मिळणाऱ्या या काट्याने साधनांच्या अभावाची सबब बऱ्याच अंशी निकाली काढली. 'सवालीराम' या काल्पनिक पात्राला पत्र लिहून मुले मनातील प्रश्न विचारीत.

परंतु केवळ साहित्यपेटी आणि पुस्तक एवढ्यावर हा कार्यक्रम उभा नव्हता. शिक्षकांसाठी प्रशिक्षण शिबिरे व मासिक बैठका होत. वर्गातील अडचणी तेथे मांडल्या जात आणि त्या अनुभवांच्या आधारे पुस्तकात फेरबदल केले जात. परीक्षेतही मूलगामी बदल झाला. लेखी परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती व प्रात्यक्षिकासही गुण होते. ज्याची परीक्षा होत नाही ते वर्गात शिकविले जात नाही, हे वास्तव या कार्यक्रमाने ओळखले होते.

समाप्ती

तीस वर्षांनंतर, २००२ मध्ये, राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. राज्यभर एकसारखी पाठ्यपुस्तके असावीत, हा मुद्दा त्या वेळी पुढे आला. या निर्णयावर देशभरातील शिक्षणतज्ज्ञांत वादंग माजले. कार्यक्रमाची एक रचनात्मक मर्यादाही येथे नोंदविणे आवश्यक आहे. आठवीपर्यंत प्रयोगातून शिकलेला विद्यार्थी नववीत पुन्हा व्याख्याप्रधान अभ्यासक्रमाकडे वळे. वरच्या इयत्तांची व्यवस्था न बदलल्याने प्रयोगाधारित शिक्षण ही मधल्या तीन वर्षांपुरती सवलत भासण्याचा धोका कायम राहिला.

निष्कर्ष

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये ज्ञानाची शाळेबाहेरील जीवनाशी सांगड घालण्यावर भर देण्यात आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या काळात सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात दप्तराविना दहा दिवस शिकण्याची शिफारस आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे. मात्र होशंगाबादच्या इतिहासाचा बोध असा की, पुस्तक, परीक्षा आणि शिक्षकांची परस्पर चर्चा या तिन्ही गोष्टी एकत्र बदलल्या, तेव्हाच प्रयोग नेहमीच्या तासिकेचा भाग झाला. हे तिन्ही घटक जसेच्या तसे राहिले, तर ते दहा दिवस सहलीसारखे सरतील. बाभळीचा काटा आजही गावोगावी उपलब्ध आहे. तो हाती घेण्यास वेळापत्रकात व गुणपत्रिकेत जागा आहे काय, हा खरा प्रश्न आहे.